बांधावरचा हुकूम

ता. ४ ऑगस्ट
ती. मामांस,
भाचीचा सा. न. वि. वि.

मामा, मी कंपनी कमांडर झाले! राखीव दलात आठ वर्षं सुटीचे दिवस चिखलात घातले, त्याचं चीज झालं. तुम्ही पक्के फौजी, तुम्हाला आमचं दल म्हणजे रविवारची कवायतच वाटते. म्हणून नीट सांगते. एकशे दहा माणसं, तीन तुकड्या, तिन्ही तुकडीप्रमुख माझ्या हाताखाली. माझ्या वर बटालियनचे कर्नलसाहेब, ते मात्र पूर्णवेळ सैन्यातले. आणि दुसऱ्या तुकडीचे प्रमुख कोण, तर आमच्या वर्कशॉपचे फोरमनकाका! एरवी लेथवर माझी बिनपाण्याने हजामत करतात, आणि काल त्यांनीच कडक सलाम ठोकला. हसू आवरता आवरेना.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, आता हुद्द्याप्रमाणे वाढवावा.
तुमची ठमी

ता. ११ ऑगस्ट
चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या मामीने शेजारीपाजारी दवंडी पिटली आहे. मीही खूश आहे, पण कमांडरबाई, हुरळून जाऊ नका. सलाम हुद्द्याला असतो. वीस वर्षांनी मोठा माणूस चारचौघांत नाही म्हणाला, तर काय करशील? वरून हुकूम येईपर्यंत थांबायची सोय दरवेळी नसते. रागावू नकोस, काळजी वाटते इतकंच. वेळेवर जेवत जा, आणि आम्हा दोघांवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
मामा

ता. २९ ऑगस्ट
ती. मामांस सा. न.

मामा, तुमच्या जिभेवर तीळ आहे की काय? परवा नदीला पूर आला आणि आम्हाला बोलावणं आलं. बांधावर वाळूची पोती रचत होतो. दुपारी पायाखालून गढूळ पाणी झिरपू लागलं. कर्नलसाहेबांशी वायरलेस लागेना. मी सगळ्यांना मागच्या टेकाडावर जायला सांगितलं.

फोरमनकाका अडून बसले. म्हणाले, अजून शंभर पोती टाकली तर बांध तगेल. खालची वस्ती रिकामी केली होती, पण त्यात त्यांचं घर होतं हो! मी एवढंच म्हटलं, काका, घर पुन्हा बांधू, हा हुकूम आहे. काका वळले आणि आपल्या तुकडीला मागे फिरा म्हणून ओरडले. पाव तासात बांध फुटला. आणि मामा, एकशे दहाच्या एकशे दहा टेकाडावर!

संध्याकाळी कर्नलसाहेबांनी विचारलं, माघारीचा हुकूम कोणाचा? मी तोंड उघडायच्या आत काका पुढे झाले. म्हणाले, आमच्या कमांडरचा. आणि त्याला विरोध माझा होता, तेही अहवालात लिहा.

उद्या सगळी कंपनी फावडी घेऊन काकांच्या घरातला गाळ उपसायला निघाली आहे. तो हुकूम मी दिलेला नाही, मामा.

घाईत आहे, मायेत कमी नाही.
तुमची ठमी