साळूच्या ओसरीवरची बालवाडी

कोळवण,
रविवार, ७ फेब्रुवारी १९६५

प्रिय साळू,

रत्नाचा नमस्कार. तुझ्या दादांना आणि वहिनींनाही सांग. मुठ्याला माणसं, गुरंवासरं सगळी बरी असतील असं धरून चालते. पत्र का लिहिलं ते आधी सांगायची पद्धत आहे, पण मला ते लगेच जमणार नाही. तेव्हा आधी बातम्या वाच.

यंदा भात चांगलं आलं. ह्यांचा गुडघा धरला आहे, त्यामुळे घरात बसून माझ्या प्रत्येक कामात चूक काढतात. सारजाबाईची थोरली मुलगी भूगावात दिली. तुझ्या घराचं कुलूप मी येताजाता बघते. परसातला शेवगा लगडला होता. शेंगा आम्हीच काढून खाल्ल्या, खोटं कशाला सांगू.

आपलं महिला मंडळ दर मंगळवारी भरतं. ग्रामसेविका चंद्राबाई अजून पौडहून सायकलवर येतात आणि अजून म्हाताऱ्या त्यांना बघायला दारात उभ्या राहतात. मंडळाला शिवणयंत्र मिळालं. दुसऱ्याच दिवशी त्याची सुई मोडली. कुणी मोडली ते आजवर कुणी कबूल केलेलं नाही. पुढच्या महिन्यात मुळशीचं धरण बघायला जायचं घाटत आहे.

बालवाडीत एकवीस पोरं आहेत. मी शिकवते, म्हणजे रडणाऱ्याला गप्प करते आणि पळणाऱ्याला धरून आणते. गाणं म्हणायला लागले की धोंडाबाईची नात मला मध्येच थांबवते. "साळूआत्या आसं न्हाई म्हनत," म्हणते. मग ती म्हणून दाखवते आणि सगळी पोरं तिच्यामागून म्हणतात. मी नुसती बसून असते.

गेल्या वर्षीच्या पुण्याच्या सहलीची हकीकत तुला कुणी सांगितली की नाही, माहीत नाही. पुण्याला महिला मंडळांचा मेळावा होता, त्याला आपण, म्हणजे आम्ही, अकराजणी गेलो होतो. वाटेत तुकाबाईला तिची बहीण रस्त्याच्या कडेला दिसली. तिनं एवढा कालवा केला की ड्रायव्हरनं एसटी थांबवली. दोघी बहिणी खाली उभ्या राहून रडल्या आणि कंडक्टर घड्याळ बघत राहिला. पुण्यात धूर न होणारी चूल बघितली. धोंडाबाईनं तिच्यात हात घालून बघितला आणि म्हणाली, "भाकर कुटं भाजायची हिच्यात?" तू असतीस तर हसून हसून खाली बसली असतीस.

तू नव्हतीस. त्याचं कारण तुला सांगायचं राहून गेलं आहे. आपल्याकडे बायकांना बोलवायचं म्हणजे करंडा घेऊन घरोघर जायचं आणि कुंकू लावून सांगायचं. दुसरी रीत आपल्याला ठाऊक नाही. मेळाव्यात काही देवाधर्माचं नव्हतं, तरी ते बोलावणं मी तसंच करत निघाले. तुझ्या दारात आल्यावर हातातल्या करंड्याकडे लक्ष गेलं. तू आत भात कांडत होतीस. विधवा बाईच्या दारात करंडा घेऊन कशी उभी राहू, तुला वाईट वाटेल, असं मनात आलं आणि मी मागे फिरले. नंतर रिकाम्या हातानं येऊन सांगू म्हटलं, तर ते राहून गेलं. चूक झाली. मनात ठेवू नकोस.

तब्येतीला जप. उत्तर सवडीनं लिही.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

साळू, वरचं पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं, ते परत काढलं. आज मंडळाची बैठक झाली, ती झाल्यावर ते पाठवायची लाज वाटली. वरचं खोडत नाही. गेलं वर्षभर मी सगळ्यांना तेच सांगत आले आहे, तूही वाच.

करंड्याचं कारण खरं नाही. त्याच्या आदल्या संक्रांतीला मी सारजाबाईकडच्या हळदीकुंकवाचं बोलावणं करत तुझ्या दारावरून चालले होते. तूच आतून हाक मारलीस. "करंडा ठिव त्या कोनाड्यात आन् आत ये. च्या टाकलाय. माजं कपाळ तेवढं सोड, मला बाकी समदं चालतंय." तुझं हे बोलणं मला पाठ आहे. करंडा कुठं ठेवायचा ते मला माहीत होतं.

मला आणखीही एक गोष्ट माहीत होती. मेळाव्याच्या पंधरा दिवस आधी चंद्राबाईंनी मला एकटीला सांगितलं होतं. मंडळाची चिटणीस मी, म्हणून सांगितलं. मेळाव्यात प्रत्येक गावातून एका बाईचं नाव बालवाडीसाठी घेणार होते. तिला शिकवून तयार करणार आणि दर महिन्याला मानधन देणार होते. ऐकताक्षणी मला कळलं की नाव तुझंच होणार. भाताच्या आवणीच्या दिवसांत आम्ही सगळ्या खाचरात वाकलेल्या असायचो आणि गावची पोरं तुझ्या ओसरीवर असायची. त्यांना गाणी तू शिकवलीस, चिंचोके मांडून मोजायला तू शिकवलंस. बालवाडी हा शब्द आपल्याला माहीत नव्हता तेव्हापासून ती तुझ्याकडे चालू होती.

आणि मी सातवी पास. तू चौथीतून काढलेली. ठराव लिहायचे मी, पत्रं लिहायची मी, साहेब आले की पुढे व्हायचं मी. तुझ्या मुसळाचा आवाज ऐकत दारात उभी होते तेव्हा माझ्या मनात हेच चाललं होतं. कुंकवाचा विचार घरी पोचल्यावर सुचला आणि मी तो धरून ठेवला.

मेळाव्याच्या दिवशी पहाटे बायका पोरांना तुझ्या ओसरीवर सोडून गाडीला आल्या. तुला बोलावणं नाही हे तोवर तुला कळलं असणार. "जावा, निवांत बगून या," म्हणालीस, असं धोंडाबाईनं गाडीत सांगितलं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

पुण्यात एक बाई वही घेऊन बसल्या होत्या. कोळवणचं नाव आलं तसं त्यांनी विचारलं, बालवाडी कोण चालवेल? आपल्या बायका एका तोंडानं म्हणाल्या, "साळूबाई." एकीनंही माझ्याकडे बघितलं नाही. मला फार लागलं ते. बाई म्हणाल्या, "मग त्या आल्या का नाहीत?" मी उठले आणि म्हटलं, "त्यांना बोलावलं होतं. पण त्यांना असलं काही नको असतं. घराबाहेर पडायलाच त्यांचं मन घेत नाही." बाईंनी मान हलवली आणि माझं नाव लिहून घेतलं.

एवढं बोलायला पाणी प्यायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही. मग चैत्रात बालवाडी मंजूर झाली आणि पोरं तुझ्या ओसरीवरून उठून शाळेच्या पडवीत माझ्याकडे आली. पोरं सांभाळल्याबद्दल बायका तुला भात देत, ते बंद झालं. एकटीचं भागेना म्हणून तू घराला कुलूप लावून भावाकडे गेलीस. निघताना माझ्या घरी येऊन माझ्या मुलीच्या हातावर खाऊ ठेवलास. तुला सगळं कळलं होतं की नव्हतं, हे मला त्या दिवशीही विचारता आलं नाही. चंद्राबाई मध्यंतरी मुठ्याला जाऊन आल्या. तू वहिनीच्या हाताखाली शेणघाण काढतेस आणि फारशी बोलत नाहीस, असं म्हणाल्या. साळू, तू बोलत नाहीस हे ऐकून मला रात्री जेवण गेलं नाही.

आज बैठकीत चंद्राबाई म्हणाल्या, बालवाडी पुढच्या वर्षालाही मंजूर होईल, रत्नाबाईंचंच नाव परत पाठवते. तेव्हा मी उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, बायका तोंडात शेण घालतील. धोंडाबाई वाती वळत होती. ती वर न बघता म्हणाली, "आमाला ठावं हुतं. तू कवा बोलतीस ते बगत हुतो."

मी विचारलं, मग त्या वहीवाल्या बाईंसमोर का नाही बोललात?

तिनं हातातली वात खाली ठेवली. "पोरं तिच्या दारात टाकून आमी गाडीत बसलो. 'तू का न्हाई येत?' आसं एकीनं तरी इचारलं का तिला? समद्या गप ऱ्हायलो. तुज्या एकटीचं न्हाई ते."

पण खोटं बोलले ते मी एकटीच. मी ठराव लिहून सही केली. मी यापुढे बालवाडी चालवणार नाही. चंद्राबाई म्हणतात, तुझं नाव घालायचं तर वीस तारखेच्या आत तुला स्वतः पौडच्या कचेरीत येऊन सही करावी लागेल. नाही आलीस तर कोळवणची बालवाडी बंद होईल. हे तुला गळ घालायला लिहीत नाही. तुला यावंसं वाटलं नाही तर पोरांचं तू काही देणं लागत नाहीस.

आलीस तर मी कचेरीत नसेन. माझं तोंड बघायला लागू नये म्हणून. माफ कर, असंही लिहीत नाही. तसं लिहिलं की तू भिडेखातर 'माफ केलं' म्हणशील.

पत्र जपून ठेव. दादांना दाखव, कचेरीत दाखव, चावडीवर वाचून दाखवायचं असेल तर तेही कर. चारचौघांत तोंडी खोटं बोलले, म्हणून खरं लेखी देते. कोळवणची बालवाडी साळूबाईंनी सुरू केली. मेळाव्याचं बोलावणं त्यांना केलंच नव्हतं. त्यांना यायचं नव्हतं, असं मी रचून सांगितलं, कारण ती जागा मला हवी होती. यात कुणाचा दाब नाही.

लिहून देणार,
रत्ना