खेमूच्या गावी बर्फ

१६ नोव्हेंबर १९८३, कुलू

बस संध्याकाळी पोचली. अंग आंबून गेलंय. पाऊस चालू. आमच्याकडच्यासारखा नाही. बारीक, थंड, हाडात शिरणारा. आमच्या एडवणला आत्ता लोक नुसत्या सदऱ्यावर फिरत असतील. माझ्या अंगात खेमूचाच स्वेटर. माझ्याकडे कुठला असायला.

पिशवी सगळा प्रवास मांडीवर. आत मडकं, लाल फडक्यात बांधलेलं. शेजारचा म्हणत होता वर फळीवर ठेवा. नको म्हटलं.

बाबांचं बोलणं कानातून जात नाही. "तू आनलंस ना त्याला दर्यावर? मंग त्याच्या आयशीला सांगायला तूच जा. तार करायची नाय. तारेनं काय पोर गेल्याचं कळवतात?"

वाक्य पाठ करतोय. "आपका खेमराज दिवाली में हमारे गांव आया था, समुंदर में डूब गया." बोईसरची हिंदी ही. खोलीत, कारखान्यात खेमूशी हीच बोलायचो, तेव्हा कधी कमी पडली नाही.

१७ नोव्हें.

नाही सांगितलं.

जीप रस्ता संपतो तिथं सोडून गेली. पुढे नुसता चढ आणि चिखल. पावसात मधूनच बर्फाचे कण, तोंडावर वाळू मारल्यासारखे. खेमूचं घर लाकडाचं. खाली गुरं, वर माणसं. अस्थी घरात न्यायच्या नसतात, म्हणून पिशवी अलीकडेच सफरचंदाच्या झाडाला अडकवली. तेवढं एक रीतीनं केलं.

अम्मा, म्हणजे खेमूची आई, वरच्या ओसरीत मक्याची कणसं सोलत होती. मी तोंड उघडायच्या आधी तिनं स्वेटर ओळखला. तिनंच विणलेला. बाही चाचपून म्हणाली, "जग्गू? बोईसर वाला जग्गू?" मग माझ्या पाठीमागे वाटेकडे बघत, "वो पीछे आ रहा है ना?"

मी हां म्हटलं.

का म्हटलं, माहीत नाही. तिचा चेहराच तसा होता.

बापूंनी, खेमूच्या वडिलांनी, टोपी घातली, घोंगडी घेतली आणि पोराला आणायला उतारावर निघाले. मी अडवलं नाही. चूल म्हणून इथं लोखंडी शेगडी असते, तिच्यापाशी बसून चहा प्यालो. बिमलानं, खेमूच्या बहिणीनं, त्याच्यासाठी पण पेला काढून ठेवला.

म्हातारा अंधार पडायला परत आला. निथळत होता. "दिखा नहीं." तेव्हा मी सांगितलं की माझी हिंदी कच्ची, समजण्यात चूक झाली, खेमूला सुट्टी मिळाली नाही, मी एकटाच आलोय. म्हातारा रागावेल म्हटलं. तो बायकोला म्हणाला, "पहले इसको सूखे कपड़े दो."

१८ नोव्हें.

सकाळी दार उघडलं तर सगळं पांढरं. पाऊस पडतो तेव्हा कौलांवर वाजतो, माणसाला कळतं. हे पडलं ते कळलंच नाही. एकदम मिठागरात येऊन उभं राहिल्यासारखं वाटलं. अम्मा म्हणते बर्फ यंदा लवकर आलं, अजून गवत पुरतं आत घ्यायचं होतं. खालचा रस्ता बंद.

म्हणजे आता जाताही येत नाही. खरं लिहायचं तर पहाटे तेच डोक्यात होतं, न सांगता निघून जावं.

आज सांगणार होतो. पण बापूंना ताप. कालच्या भिजण्याचा. खोकला छातीत उतरलाय. आजारी माणसाच्या उशाशी बसून कसं सांगायचं? हे कारण बरं सापडलं मला.

१९ नोव्हें.

बर्फ चालूच. ताप तसाच.

अम्मा माझ्यासाठी सिड्डू करते, वाफवलेल्या पिठाचे गोळे, आत अक्रोड, वर तुपाची धार. सुतकातल्या घरात मी तूप खातो आणि हे फक्त मलाच ठाऊक.

दिवसभर खेमूबद्दल विचारतात. जेवतो का नीट? मच्छी खायला लागला का? (लागला होता. सुक्या बोंबलाची चटणी भाकरीवर, आणि वर पाणी.) रंगाच्या कारखान्यात हात रंगतात ते धुतल्यावर जातात का? सगळ्याची उत्तरं देतो. "खाता है", "जाता है". खाता था म्हणायला जीभ वळत नाही. एकदा तर त्याची नक्कल करून दाखवली, बोईसर स्टेशनवर रिक्षावाल्याशी मराठीत भांडतो ती. बापू अंथरुणात हसले, हसताना खोकले.

हसवलं मी त्यांना. थू.

अम्मानं विचारलं समुंदर कसा असतो. तिनं कधी पाहिला नाही. मी म्हटलं, मोठा असतो.

२० नोव्हें.

दुपार. सगळे खाली गुरांना चारा घालताहेत. एडवणचं एकदा लिहून टाकतो, नाहीतर ते पण बदलून बसेन.

पाडव्याचा दिवस. अमावास्येचं उधाण. भरती कधी आणि ओढ कुठं हे आमच्या घरातल्या शेंबड्या पोराला पण कळतं. आम्ही चौघं सुरूच्या बनात पत्ते खेळत होतो. खेमू पाण्याकडे बघत उभा. आमच्यातल्या सदूनं चिडवलं, तुझा पहाडी घाबरला रे. मला लागलं ते. मी म्हटलं, "जा ना, घुटने तक पानी है." तो चपला काढून, नीट जोडून ठेवून गेला.

थोड्या वेळानं हाक आली. "जग्गू!" मी ऐकली. हातात चांगली पानं होती. हा डाव टाकून उठतो म्हटलं.

उठलो तेव्हा कुणी नव्हतं.

बाबांनी होडी काढली, साऱ्या गावानं शोधलं. दुसऱ्या दिवशी केळव्याच्या बाजूला मिळाला. अग्नी मी दिला. बाबांना हाकेचं सांगितलेलं नाही. कुणालाच नाही.

२१ नोव्हें.

आज अम्मावर ओरडलो.

ती झाडावरची पिशवी घेऊन वर आली. बर्फ झटकून शेगडीपाशी ठेवली. "बाहर क्यों छोड़ दी बेटा? सब गीला हो गया होगा." काय आहे विचारलं, मी कपडे म्हटलं. तर म्हणाली, ला, वाळत घालते, आणि गाठीला हात घातला.

मी झडप घालून पिशवी ओढली. "हात मत लगाओ!" असा आवाज माझा मीच कधी ऐकला नव्हता. ती मागं सरली. रागावली नाही. लाजली उलट, परक्याच्या सामानाला हात लावला म्हणून. माझीच माफी मागितली तिनं.

बिमला दारात होती. पिशवीकडे बघत होती.

२२ नोव्हें.

सकाळी पिशवी घेऊन गोठ्यात उतरलो, तर बिमला गाठून उभी राहिली. विशीची असेल. डोळे खेमूचे.

"भैया नहीं है ना?"

मी मान हलवली. पाठ केलेलं वाक्य उपयोगी पडलंच नाही.

तिनं गाईपुढं गवत टाकलं. परत टाकलं, होतं त्याच्यावरच. मग म्हणाली, "बापू का बुखार उतरने दो. तब तक चुप रहो." माझ्या हातून पिशवी घेतली, छातीशी धरली, आणि बाहेरच्या गवताच्या माळ्यावर नेऊन ठेवली. तिथं बराच वेळ होती. खाली आली तेव्हा तोंड बर्फानं धुतलेलं, लालभडक.

दुपारी जेवायला वाढताना अम्मा म्हणाली, खेमूचं लग्न यंदा उरकायला हवं. बिमला म्हणाली, "हां, अम्मा." माझ्यासारखंच हां.

मला वाटलं होतं एकाला सांगितलं की हलकं वाटेल. माझं ओझं त्या पोरीच्या डोक्यावर दिलं आणि मी गरम शेगडीपाशी बसलोय.

२३ नोव्हें.

ऊन पडलं. छपरावरून पाणी ठिबकतंय. बापूंचा ताप उतरतोय, पेज प्याले. रस्ता मोकळा होईल म्हणतात.

बिमला म्हणाली, "कल. मैं बोलूंगी." मी म्हटलं, नाही, मी. ती म्हणाली, "तुमसे नहीं होगा." खरंच आहे ते.

२४ नोव्हें.

सांगितलं. मीच. बापू उठून भिंतीला टेकून बसले होते. अम्मा लोकर कातत होती. पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं. बिमलानं अम्माला धरलं.

अम्माचा आवाज लिहिता येत नाही. शेजारपाजारची माणसं बर्फातून धावत आली.

बापू रडले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू तो आया तब से जानता था." विचारलं नव्हतं, तरी मी हो म्हटलं. ते म्हणाले, "इतने दिन अकेले कैसे रखा, बेटा?"

शिव्या द्यायच्या सोडून.

आणि मग अम्मानं विचारलं, शेवटी जवळ कोण होतं? एकटा होता का तो? सगळी खोली माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "मैं था. हात पकड़ा था मैंने. छूट गया."

कुणी शिकवलं नव्हतं. तोंडातून आपोआप आलं.

अम्मा सरकत माझ्यापाशी आली. माझा उजवा हात दोन्ही हातांत घेतला, डोळ्यांना लावला, कपाळाला लावला. ओला झाला माझा हात तिच्या डोळ्यांनी. मी काढून घेतला नाही.

त्या हातात पत्ते होते.

२५ नोव्हें.

माणसं येतात, बसतात. प्रत्येकाला अम्मा सांगते, हाच तो, यानं हात धरला होता. म्हातारे माझ्या पाठीवरून हात फिरवतात. एक जण म्हणाला, समुंदराची माणसं दिलदार असतात.

बिमलानं आज चहा देताना फक्त विचारलं, "तुम तैरना जानते हो?" हो म्हटलं. "अच्छा," म्हणाली आणि पेला ठेवून गेली. माझ्याकडे नंतर दिवसभर पाहिलं नाही.

सदूच्या नावानं दोनदा वाक्य मनात जुळवलं. सदूनं चिडवलं, म्हणून तो गेला. ते सुद्धा खोटंच. चिडवलं सदूनं, पाठवलं मी.

२६ नोव्हें.

परत ढग. अजून पडायच्या आत निघायला हवं, कारखान्यात पण किती दिवस सांभाळून घेतील. उद्या खाली बियास नदीत अस्थी सोडायच्या आणि मी तिथूनच बस धरायची असं ठरलं. अम्मा म्हणते, जग्गूच्या हातानं सोडा.

स्वेटर काढून तिच्यापुढं ठेवला. तिनं परत माझ्या अंगावर घातला, गळ्यापाशी नीट केला. "ठंड में जाओगे कैसे?"

बिमला येणार नाही. शेजारचे येतो म्हणत होते, बापूंनी नको म्हटलं. अंगात अजून कणकण आहे तरी स्वतः येणार. काठी तासून ठेवलीय, माझ्यासाठी पण एक.

मघाशी जवळ येऊन बसले. म्हणाले, "रास्ता लंबा है. उस दिन की बात मुझे ठीक से सुनाना. सबके सामने पूछा नहीं."

उतारावर आम्ही दोघंच असणार.