ठिपक्यांतली चाल

३ फेब्रुवारी

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

पत्राला उत्तर नाही म्हणून गाल फुगवून बसला असशील. पण दातांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांना ‘बसा, बोलावतील’ म्हणता म्हणता घरी येईपर्यंत माझी जीभ आणि बोटं दोन्ही संपावर जातात.

आता खरं कारण. ठकूला नववं लागलं आणि तिचं वजन वयाला कधीच मागे टाकून गेलं. शाळेत चालत जायची, ती आता निम्म्या वाटेत कुणाच्या तरी ओट्यावर बसते. पाय भरून येतात म्हणते. परवा म्हणाली, सहलीला जायचं नाही, तिथे चालावं लागतं. मी तोंड फिरवून भांडी घासत राहिले.

इथल्या मुलांच्या इस्पितळात जास्त वजनाच्या मुलांवर संशोधन चाललंय. खाणं, पायांची ताकद, चाल, सगळं तपासतात. मी तिचं नाव घातलं, आणि मग कळलं की चालण्याची चित्रणं तुझ्याच प्रयोगशाळेत येतात! काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझा भाऊ मुलांचं चालणं बघतो असं सांगितलं की लोक विचारतात, याचा पगार मिळतो का? तर पगारी माणसा, ठकू बरी होईल का ते सरळ सांग.

माया आहेच, उत्तर लवकर धाडलंस तर वाढेल.

तुझी
ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

नाव घातलंस हे उत्तम केलंस. मुलांच्या कमरेला, गुडघ्यांना, घोट्यांना चमकते मणी चिकटवतात. कॅमेऱ्यांना फक्त मणी दिसतात, आणि माझ्यापुढे काळ्या पडद्यावर काही ठिपके चालत येतात. ना चेहरा, ना नाव, नुसता क्रमांक.

निम्म्या मुलांना फक्त आहाराचा सल्ला मिळतो, उरलेल्यांना त्याच्या जोडीला पायांचे व्यायाम. कोण कुठे ते चिठ्ठ्या टाकून ठरतं आणि मला ते कळता कामा नये, कारण माणसाला जे हवं तेच दिसतं. तेव्हा ठकू काय खाते, तिला काय करायला लावतात, यातलं अक्षरही लिहू नकोस. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे ठाऊक आहे म्हणून हात जोडतो. शेकडो मुलं आहेत, त्यांत ती मला ओळखू यायची नाही.

बरी होईल का, ते माहीत असतं तर संशोधन कशाला केलं असतं? एवढंच सांगतो, नुसत्या वजनकाट्याकडे बघू नकोस. पायांत जोर आला आणि दुखायचं थांबलं की मूल आपणहून चालतं.

भावोजींना नमस्कार, ठकूला पापा. माझ्या वाटचा राग पुढच्या भेटीपर्यंत राखून ठेव.

तुझा
बारक्या


३० मार्च

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

लिहू नको म्हणालास, नाही लिहीत. फक्त जिन्याचा कठडा सैल झालाय आणि सुतार बोलावलाय, एवढी घरगुती बातमी.

तिथल्या शिकवणाऱ्या बाई ठकूला पैलवान म्हणतात. वर्गातली मुलं रोडरोलर म्हणायची तेव्हा हीच पोर दाराआड रडत बसायची. पैलवान म्हटलं की छाती काढून चालते. काल झोपताना विचारत होती, उद्याही जायचं ना? कुठेही जाण्याबद्दल तिनं असं विचारलं त्याला वर्ष झालं असेल. आता मधेच हे बंद पडलं तर तिला काय सांगू, हेच मनात येत राहतं.

जप स्वतःला. जेवत जा वेळेवर.

तुझी
ताई


१६ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

कठड्याच्या आडून व्यायामाची बातमी दिलीस म्हणून रागावणार होतो, पण आता बोलणी खायची माझीच पाळी आहे.

तुमच्या गावची पहिली चित्रणं काल उघडली. एक क्रमांक लावला आणि पडद्यावर आई चालत आली. ताई, अगदी आई! दर पावलाला अंग डावीकडे झुकणं, उजवं पाऊल बाहेर वळलेलं, वळण्याआधी क्षणभर थांबणं. आईचे जेवढे फोटो आहेत त्यांत ती खुर्चीत बसलेली आहे. तिला चालताना पुन्हा पाहीन असं मला कधी वाटलं नव्हतं. मी दार लावून घेतलं आणि कामाला लागतं त्याहून कितीतरी जास्त वेळा ते बघितलं.

मग समजलं की ही ठकू. ज्याला मूल ओळखू आलं त्यानं ते मापायचं नाही, असा नियम आहे. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं, पण मग माझ्या एकाही आकड्यावर माझाच विश्वास उरला नसता. मी आमच्या मोठ्या बाईंना सांगितलं. ठकूला ठेवायचं की वगळायचं ते समिती ठरवील. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं बघ.

हवं तेवढं बोल, फक्त अबोला नको.

तुझा
बारक्या


२२ एप्रिल

बारक्या,

आशीर्वाद वगैरे मागाहून. मला एका शब्दानं विचारावंसं वाटलं नाही तुला? तुझा नियम जपलास, पण पोर रोज बूट घालून दाराशी उभी असते. तिला काढलं तर तूच येऊन सांगायचं, मी सांगणार नाही.

दोन दिवस तुझं पत्र तसंच पडू दिलं. मग काल संध्याकाळी ठकूला दुकानात पाठवलं आणि मागून बघत राहिले. आजवर मी तिचा हात धरून पुढे चाललेय, ‘पाय सरळ टाक’ म्हणून ओरडत. मागून कधी बघितलंच नव्हतं. पिशवी घेऊन आईच चालली होती रे.

आठवतं, आई कामावरून यायची तेव्हा जिन्यातल्या पावलांवरूनच आपण ओळखायचो? प्रत्येक मजल्यावर थांबून कुणाशी ना कुणाशी बोलायची. वर येईपर्यंत आपण ठेवलेला चहा दोनदा उकळायचा. आईला गप्पांचं वेड, असं बाबा म्हणायचे.

ही चाल रक्तातूनच आली असेल तर मी ठकूला ओरडणं सोडते. राहू दे तिच्यात आई.

तुझी रागावलेली
ताई


९ मे

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

आधी गोड बातमी. ठकू राहणार! तिची चित्रणं यापुढे माझी सहकारी बघेल, माझ्यापुढे ती पुन्हा येणार नाहीत. मन चुटपुटतं, पण ठीक आहे.

आता तुझी गोष्ट. उत्तर लिहायला घेतो आणि कागद फाडतो, असं आठवडाभर चाललंय. ताई, ती चाल नुसती रक्तातली नाही. कमरेच्या बाजूचे स्नायू कमजोर असले आणि वर वजन असलं की अंग एका बाजूला झुकवावं लागतं, म्हणजे कळ कमी येते. कितीतरी मुलांच्या अहवालांत हे मी स्वतःच्या हातानं लिहिलंय. आईच्या बाबतीत एकदाही डोक्यात आलं नाही. ती मजल्यामजल्यावर गप्पा मारत नव्हती. दम खात होती, दुखणं थांबायची वाट बघत होती. आणि वर येऊन हसत चहा घ्यायची.

मला फार वाईट वाटतंय. पण आईची आठवण म्हणून पोरीच्या पायात दुखणं ठेवायचं नाही. ओरडू नकोस तिला, पण राहूही देऊ नकोस. त्या बाई सांगतील ते सगळं करू दे.

राग विरघळला असेल तर दोन ओळी पाठव.

तुझा
बारक्या


२७ ऑक्टोबर

चि. बारक्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

संशोधनातलं ठकूचं काम संपलं. काटा थोडासाच खाली आला, म्हणून शेजारीण म्हणाली, मग एवढं करून मिळवलं काय?

काल दवाखान्यातून येत होते. पुढे एक मुलगी झपझप चालली होती, दप्तर पाठीवर, दोन्ही पावलं सरळ. मला ओळखूच आली नाही. वळली तेव्हा कळलं, ही तर आपली ठकू. आई तिच्यातून गेली, बारक्या. आई गेली तेव्हाही मी अशी रडले नव्हते, आणि इतकं बरंही मला कधी वाटलं नव्हतं.

ठकू माझ्यासाठी थांबली. मी जवळ येईपर्यंत माझ्याकडे बघत होती, आणि मग तिनं विचारलं की आई, तू एका बाजूला झुकून का चालतेस? मी म्हटलं, काही नाही, सवय आहे.

दुखतं रे माझं. दोन वर्षं झाली. यांनाही सांगितलेलं नाही, पहिल्यांदा तुलाच लिहितेय. लवकर ये.

तुझी
ताई