एकोणतीस आठे

आई, तुझा संशयी स्वभाव माझ्याकडे आलाय आणि सध्या त्याचा घरात सगळ्यांना ताप होतोय. तू गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी बाबांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, वाचा गेली ती गेलीच. डोंबिवलीच्या आपल्याच घरात, खिडकीपाशी बसून असतात. भरवलं की खातात. टीव्ही लावला की बघतात, बंद केला तरी तिकडेच बघतात. आपलं बोलणं त्यांना कळतं का, एवढाच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर कुणाकडे नाही. तुझा धाकटा त्यांना रोज पेपर वाचून दाखवतो. मी मात्र हल्ली त्यांच्यासमोरच त्यांच्याबद्दल बोलते, ते तिथे नसल्यासारखं.

मध्यंतरी ठाण्याच्या एका हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी अभ्यासासाठी त्यांच्या मेंदूचा स्कॅन केला. काही न करता नुसतं पडून राहायचं. मेंदूत कुठे रक्त वाढतं, कुठे कमी होतं, ते मशीन टिपत राहतं. दोन लांबचे भाग एकाच तालात वर-खाली होत असले, की त्यांच्यामध्ये रेघ ओढायची. याला फंक्शनल कनेक्टिव्हिटी म्हणतात. बाबांच्या चित्रात ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या भागांमध्ये चांगल्या जाड लाल रेघा होत्या. धाकट्याने ते चित्र फ्रिजवर लावलं. आत सगळं अजून जोडलेलं आहे, ते आपलं ऐकतात, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागला. वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात मी दिवसभर कॉम्प्युटरवर असलीच चित्रं साफ करते, त्यातलं नको ते काढून टाकते. अशी रेघ म्हणजे वायर नव्हे, हे मला पोटापाण्यासाठी माहीत आहे.

त्याच्याही आधी ते मला तू शिकवलंस. आपला नळ आणि समोरच्या काकूंचा नळ सकाळी एकदमच खरखरायला लागायचे, आणि दोन्ही घरांमध्ये भिंतीतून पाइप गेलाय अशी माझी खात्री होती. तू मला गच्चीवर घेऊन गेलीस. तिथे वॉचमन टाकीचा व्हॉल्व्ह फिरवत होता. दोन गोष्टी बरोबर घडल्या की लगेच नातं जोडायचं नाही, तिसरं कोण आहे ते आधी बघायचं, असं तू पायऱ्या उतरता उतरता म्हणालीस. शाळेत गणित शिकवून तुझं भागत नसे, घरीही तेच.

म्हणून मी डॉक्टरांकडून बाबांच्या स्कॅनची फाइल मागून घेतली आणि तिसरा शोधायला बसले. तो लगेच सापडला. बाबांचं डोकं हलत होतं. फार नाही, अगदी बारीक, पण एका लयीत. डोकं असं हललं की सगळी चित्रं एकदम सरकतात आणि ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही ते भागही बरोबर नाचल्यासारखे दिसतात. तो हलल्याचा भाग मी वजा केला. लाल रेघा जवळजवळ सगळ्या गेल्या. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर आपलं बरोबर निघालं याचं थोडं बरंही वाटलं.

हलण्याचं कारणही मी मनाशी ठरवून टाकलं होतं. जेवणानंतर बाबांच्या तळहातावर चिमूटभर बडीशेप ठेवायची तुझी पद्धत धाकट्याने अजून सोडलेली नाही. स्कॅन दुपारचा होता. बाबा त्या मशीनमध्ये निवांत बडीशेप चघळत पडले असणार. घरी येऊन मी त्याला फैलावर घेतलं.

"अगं ताई, काहीच दिलं नव्हतं. तोंड धुऊन, दातांची कवळी काढून नेलेलं त्यांना."

मग तोंड कशाला हलत होतं, या प्रश्नापाशी मी थांबले, आणि मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. तू पोळ्या लाटते आहेस, पाठ माझ्याकडे. मी दारात उभी राहून एकोणतीसचा पाढा म्हणते आहे. बाबा बाहेर खुर्चीत, पेपर खाली केलेला, आणि आवाज न करता नुसत्या ओठांनी मला पुढचा आकडा सांगताहेत. तुला ते सगळं समोरच्या घासलेल्या स्टीलच्या डब्यात दिसायचं. तू लाटणं न थांबवता म्हणालीस, "अहो, तुमचं तोंड आधी हलतं आणि हिचं मागून. पाढा कोण म्हणतंय?"

नुसतं पडून राहायला सांगितलं तर बाबा काय करतील, हे तुला विचारलं असतं तर तू चटकन सांगितलं असतंस, ओठांतल्या ओठांत पाढे म्हणतील. मी जे कचरा म्हणून वजा केलं, तेच कदाचित त्यांचं बोलणं असेल. कदाचित. दात नसलेली म्हातारी माणसं उगाचही तोंड हलवतात, आणि माझा संशय एवढ्यावर फिटणारा नाही.

काल संध्याकाळी मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. पुष्कळ दिवसांनी त्यांच्याकडे बघून बोलले. म्हटलं, "बाबा, एकोणतीस आठे?" ते खिडकीकडेच बघत होते. मग जबडा हलला, ओठ गोल झाले, मधे एकदा घट्ट मिटले आणि उघडले. दोनशे बत्तीस म्हणताना 'ब'ला मिटतात तसे. मी धाकट्याला हाक मारली नाही. एकदा घडलं ते घडलंच नाही असं धरायचं, हे तूच म्हणाली असतीस. उद्या पुन्हा विचारणार आहे, आणि आकडे उलटसुलट करून विचारणार आहे.

तपासणाऱ्याला उत्तर माहीत असलं की त्याला हवं तेच दिसतं, हेही तू म्हणशील. तेवढ्यापुरती काळजी नको. दोनशे बत्तीस मी त्यांच्या ओठांवर आधी वाचलं आणि नंतर फोनवर हिशेब करून पाहिलं. एकोणतीसचा पाढा मला 'सत्ते'च्या पुढे कधीच येत नव्हता, आई.