डोळ्यांवरची सवत

३ तारीख, सोमवार

आज रडली नाही! पायावर उकळतं पाणी सांडल्यापासून नातीची पट्टी बदलायची म्हणजे सगळा दवाखाना डोक्यावर. आज नवीन यंत्र आलं. डोळ्यांवर डबा बांधल्यासारखं दिसतं. आत समुद्र असतो म्हणे, खराखुरा वाटतो. सिस्टर पट्टी सोडवतेय आणि ही आपली मासे पकडतेय! मी हात पुढे केला—एरवी माझाच हात धरते, नखं रुतवते. तर म्हणाली, "आजी, हात नको, मासा सुटेल."

सुटू दे ना मेला! पण रडली नाही. बाई गं, किती बरं वाटलं.

५, बुधवार

बरं वाटलं, पण सवत ती सवतच. इतके दिवस मी घसा फोडून गोष्टी सांगितल्या. राजे संपले, राक्षस संपले, शेवटी आमच्या शेजारणीच्या भांडणांवर आले. (ही बाई दार उघडं ठेवून भांडते, लोकांना नीट ऐकू जावं म्हणून!) नात खिदळायची. आज तोंड उघडलं तर—"आजी, शू!" मला शू! सिस्टर गालात हसली. मी पाहिलं.

लेकीला सांगितलं तर म्हणे, "आई, डब्यावर कसली जळतेस!"

मी कशाला जळू?

जळते.

७, शुक्रवार

मनात आलं, बंद पडू दे ते डबडं. लगेच स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली.

१०, सोमवार

आज तर कहर! पट्टी सुटल्यापासून नुसती बडबड. "आजी, मिशीवाला मासा आला! आजी, त्याच्या मिशीला फेस लागलाय! ऐकतेस ना?" ऐकतेय की! जखम उघडली की मला भोवळ येते, पण आज तिकडे लक्षच गेलं नाही. हसून हसून पोट दुखलं. घरी येताना मात्र चरफडले. एवढ्या गमती त्या डबड्याला सुचाव्यात? माझ्या शेजारणीला आता कोण विचारतंय!

११, मंगळवार

भाजी घेताना सिस्टर भेटली. म्हणाली, "आजी, काल यंत्र सुरुवातीलाच बंद पडलं होतं. मी काढायला गेले, तर तुमची नात माझ्या कानात म्हणाली, राहू द्या. आजीला सांगू नका, ती घाबरते."

आत नुसता काळोख होता. मासा माझ्यासाठी होता.