तोर्नोपलीकडची रेमेदियोस

५ ऑक्टोबर २०२३, गुरुवार

खोटं! धादांत खोटं! आणि तेही माझ्याच गल्लीत, माझ्या तोंडावर!

सकाळी अकराला नेहमीसारखी नन्सच्या मठात मार्झिपान, म्हणजे बदामाची मिठाई, आणायला गेले, तर दारात चौदा माणसं. कानात इअरफोन, हातात पाण्याच्या बाटल्या. पुढे पिवळी छत्री उंच धरलेली पोरगी. 'चवीचं तोलेदो – पायी फेरी, सहा थांबे.' ती त्यांना तोर्नो समजावून सांगत होती. "भिंतीतला हा लाकडी पिंपासारखा कप्पा गोल फिरतो. आतली नन त्यात मिठाई ठेवते आणि फिरवते. ती आपल्याला दिसत नाही, आपण तिला दिसत नाही."

इथवर ठीक. मग आवाज खाली आणून म्हणते, "पन्नास वर्षांपूर्वी दोन मैत्रिणींनी एकाच दिवशी या मठात यायची शपथ घेतली. एक आली. दुसरी आदल्या दिवशी एका शिपायाचा हात धरून पळाली! आता ती म्हातारी दर गुरुवारी इथे येते आणि या तोर्नोपाशी रडते."

"अरेरे!" चौदा तोंडांतून. मी त्यांच्या पाठीशी चार पावलांवर, हातात रिकामी पिशवी घेऊन उभी.

शिपाई! मला आयुष्यात एकही शिपाई आवडलेला नाही. आणि रडणं? मी?

मार्झिपान न घेताच परतले. सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी स्वतःहून गुरुवार चुकवला.

६ ऑक्टोबर

खरं काय ते इथे तरी नीट लिहून ठेवते.

रेमेदियोस, ती आत गेलेली मैत्रीण, उत्तरेकडच्या आस्तुरियासची, बोर्डिंगमधली. मी इथलीच. शाळा याच मठाच्या नन्सची. सतराव्या वर्षी चॅपलमध्ये गुडघे टेकून दोघींनी नन व्हायचं ठरवलं – ८ सप्टेंबर १९७१, सकाळी सात, मठाचं दार. त्या दिवशी मी उठले, खिडकीत बसले, कॉफीत बुडवून पिठाचे तळलेले सहा चुरोस खाल्ले. सातचे टोल पडले. मी सातवा चुरो उचलला. झालं एवढंच! मला जायचं नव्हतं. शिपाई नाही, घोडा नाही, दोर नाही. पुढच्या महिन्यात माद्रिदला शिकायला गेले आणि पाच वर्षांनी इतिहासाची शिक्षिका होऊन परत आले.

आल्यावर पहिल्याच गुरुवारी तोर्नोसमोर उभी राहिले. घंटा ओढली, "आवे मारिया" म्हटलं. आतून ठरलेलं उत्तर आलं, पण त्याआधी एक बारीकसा खाकरा. रेमेदियोसचा! वर्गात उत्तर द्यायच्या आधी ती अशीच खाकरायची. पण तोर्नोवर नाव विचारायचं नसतं, सांगायचं नसतं. मिठाईपुरतं बोलायचं. हे आम्हाला पहिलीपासून घोकवलेलं. मी पाव किलो मार्झिपान मागितलं, आणि जाता जाता एक वाक्य जास्तीचं टाकलं – "मला शाळेत नोकरी लागली."

तेव्हापासून दर गुरुवारी एक वाक्य. आई गेली. लग्नाला मी नाही म्हटलं. निवृत्त झाले. गुडघा बदलला. आतून दर वेळी तेच – "प्रार्थना करीन, बाई."

तिचा राग गेला का, हे सत्तेचाळीस वर्षं मला कळलेलं नाही. मी माफी मागितली नाही. मागणारही नाही. कॉफी पीत बसणं हा गुन्हा नव्हे! पण तिला निदान खरं कारण तरी कळायला हवं होतं. आणि आता तिच्या कानावर काय पडतंय? आठवड्यातून चार दिवस, तोर्नोच्या तोंडाशी उभं राहून – शिपाई!

७ ऑक्टोबर

सहा थांब्यांपैकी तिसरा थांबा आमच्या शेजारच्या एउसेबिओचा बार; त्याला माझं सगळं माहीत. म्हणजे गोष्ट कुठून निघाली, ते कळलं. सरळ जाऊन काउंटरवर माझी छत्री आपटली.

"एउसेबिओ, त्या पोरीला काय सांगितलंस?"

"कुठल्या पोरीला?" हा ग्लास पुसतोय. सकाळपासून तोच ग्लास पुसत असावा.

"शिपाई कुठून आला?"

"अगं ओब्दुलिया, गोष्टीत एखादा पुरुष हवाच ना. तुझं नाव घेतलं का मी?"

"दर गुरुवारी येणारी म्हातारी म्हटलंस! गुरुवारी दुसरं कोण जातं?"

"बरं, मग मी काय सांगायचं होतं? की पोरीने चुरोस खाल्ले? ते ऐकायला कोण चालत येईल?"

"मी येईन."

"तू कुठेही येशील, भांडायला." त्याने माझ्यापुढे कार्कामुसासची, मांस-मटाराच्या रश्श्याची, बशी सरकवली. मी खाल्ली. मटार कच्चे होते. तेही सांगून आले.

९ ऑक्टोबर, सोमवार

त्या पायी फेरीच्या कचेरीत फोन केला. पलीकडच्या मुलाला सगळं सांगितलं. तो म्हणतो, "पण बाई, आम्हाला पाच तारे आहेत." मी म्हटलं, "आकाशालाही आहेत, म्हणून ते इतिहास सांगत नाही." त्याला कळलं नाही. मग म्हणाला, "फेरीत येऊन स्वतःच बघा ना."

बघते! शनिवारचं नाव नोंदवलं. ज्या शहरात जन्मले, त्या शहरात पाहुणी!

१२ ऑक्टोबर

पिलार मातेच्या सणाची सुट्टी. तोर्नो बंद. दुसरा गुरुवार चुकला.

१४ ऑक्टोबर, शनिवार

पाय ठणकतायत, पण आधी लिहिते.

छत्रीवाल्या पोरीचं नाव नेरेआ. बिल्बाओची. सुरुवातीला सगळ्यांना विचारते, कुठून आलात? मुर्सियाची दोन जोडपी, सारागोसाचं एक अख्खं कुटुंब, मेक्सिकोची एक वकीलबाई. माझी पाळी आली. "चाळीस पावलांवरून," मी म्हटलं. सगळे हसले. नेरेआ हसली नाही. तिने ओळखलं असावं, कचेरीतून माझ्याबद्दल सूचना गेलीच असणार.

पहिल्या थांब्यावर तिने पाएयाचा भात दिला. तोलेदोत पाएया! "मुली, हे वालेन्सियाचं. इथे तित्तर शिजवतात." दुसऱ्या थांब्यावर तिने राजाचं साल चुकवलं. मी दुरुस्त केलं. तिसऱ्यावर एउसेबिओ मला बघून मागच्या खोलीत पळाला. चौथ्या थांब्यापर्यंत मुर्सियावाले नेरेआऐवजी मलाच प्रश्न विचारायला लागले होते. तिने शेवटी छत्री मिटली आणि म्हणाली, "बाई, मी इथे तीन महिने आहे. मला जे सांगितलं तेच सांगते. खरं तुम्हाला माहीत असेल तर तुम्हीच सांगा ना!"

डोळ्यांत पाणी होतं तिच्या. जरा वाईट वाटलं. जराच.

पाचवा थांबा मठ. नेरेआने गोष्टीला तोंड फोडलं, "पन्नास वर्षांपूर्वी दोन मैत्रिणींनी..." आणि थांबली. माझ्याकडे बघितलं. ते बघणं आव्हानच होतं. मी पुढे झाले.

"शिपाई नव्हता," मी म्हटलं. "ती दुसरी मैत्रीण मी." कुणीच अरेरे म्हणालं नाही. मग मी माणसांकडे पाठ केली आणि तोर्नोकडे तोंड. नाव न घ्यायचा नियम मोडला! आयुष्यात पहिल्यांदा.

"रेमेदियोस, ऐकतेयस ना? मी ओब्दुलिया. कुणाबरोबर पळाले नव्हते. खिडकीत बसून सात चुरोस खाल्ले आणि टोल ऐकले. मला यायचं नव्हतं. पण आदल्या दिवशी येऊन तसं तुला सांगायला हवं होतं. ते सांगितलं नाही, एवढीच माझी चूक. बाकी कशाचीच माफी मागत नाही!"

सारागोसाची बाई नाक ओढत होती. मग लाकूड करकरलं, तोर्नो फिरला. वकीलबाईंनी आल्याआल्याच मागितलेला डबा त्यात होता.

आणि आतून खाकरा. "बाई, गुरुवारी या. एकट्याच या."

१५ ऑक्टोबर

नेरेआ दारात. हातात वही. "सालं सांगा सगळी, लिहून घेते." चार तास बसली. हुशार आहे. अक्षर भयंकर.

१७ ऑक्टोबर

गुरुवार यायलाच तयार नाही. काय म्हणेल ती? काहीही म्हणो. मी शब्द मागे घेणार नाही. एकही नाही!

१९ ऑक्टोबर, गुरुवार

गेले. घंटा ओढली, "आवे मारिया" म्हटलं. खाकरा आला, पण ठरलेलं उत्तर आलं नाही.

"बाई, रेमेदियोस पहिल्या नाताळाच्या आतच इथून निघून गेली. आस्तुरियासला, घरी. तुम्ही माद्रिदहून परत आलात तेव्हा तोर्नोवर मी होते. तेव्हापासून मीच आहे. तुमची आई मार्चमध्ये गेली. लग्नाला तुम्ही नाही म्हणालात. गुडघा बदललात, तो डावा. सगळ्याची प्रार्थना केली मी. मला वाटायचं, तुम्ही मलाच सांगताय."

मुलांच्या वहीतली एकही चूक मी सदतीस वर्षांत सोडली नव्हती. ही मात्र सोडली.

"तुम्हालाच सांगत होते," मी म्हटलं.