किल्ली सूर्यभानकडे आहे

भिंगार,
२२ ऑगस्ट १९९९

प्रिय प्रज्ञा,

सप्रेम जयभीम.

फोन करता आला असता, पण तुझा आवाज ऐकल्यावर माझ्यानं बोलवलं नसतं. म्हणून पोस्टाचं पत्र. कॉम्प्युटरला तर हातच लावत नाही. त्यावर तुझ्या आईनं विणलेला रुमाल टाकून ठेवलाय.

मे महिन्यात तू तो पासवर्ड सांभाळणारा प्रोग्राम बसवलास, ती दुपार आठवते? मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी, काळ्या पडद्यावर सरसर पळणाऱ्या इंग्रजी ओळी. कुठलीशी फाईल मिळेना म्हणून प्रोग्राम अडून बसला आणि तू घामाघूम. मी मागून चिडवत होतो, की ज्या लिनक्सवाल्यांनी आपला प्रोग्राम कसा लिहिला तेसुद्धा जगाला उघडं करून दाखवलं, त्यांना कुलूप कशाला हवं? शेवटी बसला एकदाचा. इंटरनेटचा, तुझ्या मेलचा, सगळे पासवर्ड त्यात टाकलेस आणि सगळ्यांवर एकच मोठा ठेवलास, तुझ्या आईचं नाव आणि क्वार्टरचा नंबर. हा कुणालाही सांगायचा नाही, असं बजावलंस. मी मान डोलावली.

आणि शेजारच्या सूर्यभानला सांगितला. राहुरीला तुझ्या आत्याकडे गेलो तेव्हा. आपल्या क्वार्टरच्या लायनीत गावाला जाताना किल्ली शेजारी देतात. मी दाराची दिली आणि ओघात हीसुद्धा दिली. पोरीचं काही आलं तर बघ म्हटलं. त्यात मला काही वावगं वाटलं नाही, इतका मी शहाणा.

परतलो तर सूर्यभान ओट्यावर उभाच. "पोरीला बंगलोरला नोकरी लागली, आन् तुमी पेढेबी दिले न्हाईत व्हय, आप्पा?" मी हसण्यावारी नेलं. तू तर म्हणाली होतीस, बंगलोरवाल्यांनी घेतलं नाही. मग दार लावून मी स्वतः कॉम्प्युटरपुढे बसलो. सूर्यभाननं मेल भोळेपणानं उघडली होती; मी मात्र ती तुझी आहे हे पक्कं माहीत असून उघडली. त्यांचं पत्र वाचलं, त्याखाली तुझं उत्तर वाचलं. माझं इंग्रजी डेपोतल्या बिलांपुरतं, पण 'आई गेल्यापासून वडील एकटे असतात, एवढ्या लांब येऊ शकत नाही' हे कळायला डिक्शनरी लागत नाही.

पोरी, लाज वाटते. चोरून वाचल्याची वाटतेच. त्याहून जास्त वाटते ती, नोकरी मिळाली नाही असं तू सांगितलंस त्या दिवशीच्या जेवणाची. मावशीसमोर मी तुला ऐकवलं, की मेहनतीत कमी पडलीस, इंग्रजी कच्चं राहिलं. तू खाली मान घालून मला भाकरी वाढत होतीस. आता ताटावर बसलो की तेच आठवतं.

आता ज्यासाठी लिहितोय ते. बंगलोरवाल्यांना पुन्हा विचारून बघ. जागा गेली असेल तर दुसरीकडे अर्ज कर, लांबचं म्हणून सोडू नकोस. शनिवारी नेहमीसारखी घरी येशील तेव्हा तो पासवर्ड बदल आणि नवा मला सांगू नकोस. दाराची किल्ली मात्र सूर्यभानकडेच राहील. सकाळी माझं दार उघडलं नाही, तर तो उघडून आत येईल. तेवढ्यासाठी तू थांबू नकोस.

तुझाच,
आप्पा